नवशिक्यांसाठीच्या ब्लॉग पॅकेजमधील थीम, प्लगिन आणि अधिकारांविषयी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : थीम अपडेटमध्ये पुसले गेलेले बदल, अनावश्यक प्लगिन आणि न दिलेले ॲडमिनिस्ट्रेटर अधिकार यांबाबत

संदर्भ : पॅकेजची पावती, आपल्या जाहिरातीची प्रत आणि मदत-कक्षाशी झालेला ई-मेल पत्रव्यवहार (सोबत जोडले आहेत)

महोदय,

मी नागपूरच्या धंतोली भागात राहणारी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. भुलाबाईची गाणी, तान्हा पोळा, मारबत, उन्हाळी वाळवणे यांविषयी घरातल्या आणि शेजारपाजारच्या जुन्या बायकांकडून जे वह्यांमध्ये उतरवून घेतले होते, ते ब्लॉगवर नीट मांडावे, या हेतूने मी आपल्या कंपनीचे नवशिक्यांसाठीचे वार्षिक पॅकेज घेतले. होस्टिंग (ब्लॉगसाठी सर्व्हरवरची जागा), वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीची मांडणी, एक सशुल्क थीम (ब्लॉगचे रंगरूप ठरवणारा तयार साचा), आधीच बसवून दिलेली प्लगिन (जादा सोयी पुरवणारे छोटे प्रोग्राम) आणि वर्षभराची मदत असे त्याचे स्वरूप होते. ब्लॉग मराठीसाठी तयार मिळेल, तांत्रिक ज्ञान लागणार नाही आणि रंगरूप हवे तेव्हा हवे तसे बदलता येईल, असे आपल्या जाहिरातीत स्पष्ट छापलेले आहे. यांतली एकही गोष्ट प्रत्यक्षात मिळालेली नाही. फोनवरून आणि ई-मेलवरून वारंवार कळवूनही दरवेळी नवे शुल्क सांगण्यापलीकडे काही झाले नाही, म्हणून हे लेखी पत्र पाठवीत आहे.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार थीमच्या अपडेटची आहे. आपण दिलेली थीम इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली होती, हे पहिल्याच दिवशी लक्षात आले. तिच्या शीर्षकांमध्ये अक्षरांच्या मधे मोकळी जागा सोडलेली होती. रोमन मोठ्या अक्षरांना ती शोभत असेल, पण देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि ‘भुलाबाई’ हा शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. ओळींमधले अंतर इतके कमी होते, की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना आणि रफारांना जाऊन भिडत होते. थीमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नव्हती, त्यामुळे प्रत्येक वाचकाच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तो तिथे उमटत होता आणि एकाच पानाचे रूप दोन घरांत दोन तऱ्हांचे दिसत होते. गद्य लेखात वाचक हे एक वेळ चालवून घेतो. गाण्यात मात्र ओळ हीच मांडणी असते, आणि माझ्या ब्लॉगवर गाणीच जास्त आहेत.

मी हे कळवल्यावर आपल्या तंत्रज्ञांनी मुक्ता हा फॉन्ट बसवला, ओळींमधले अंतर वाढवले आणि अक्षरांमधली जागा काढून टाकली. काम चांगले झाले होते, हे मी त्याच वेळी लिहूनही कळवले होते. परंतु हे बदल थीमच्या मूळ स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रंगरूपाचे नियम असलेल्या फाइलमध्ये, थेट केले गेले. तसे आपल्याच तंत्रज्ञांच्या ई-मेलमध्ये नमूद आहे. वर्डप्रेसमध्ये थीम अपडेट होते तेव्हा तिचे जुने फोल्डर जाऊन त्या जागी नवे येते आणि मूळ फायलींत हाताने केलेले सर्व काही पुसले जाते. हे टाळण्यासाठीच चाइल्ड थीमची सोय आहे : वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतःची छोटी स्टाइलशीट ठेवायची, तिच्या शीर्षभागात मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहायचे आणि आपले बदल तिथेच करायचे, म्हणजे मूळ थीम कितीही वेळा अपडेट झाली तरी ते टिकतात. एवढेही करायचे नसेल, तर डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या 4.7 या आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या कस्टमायझर या रंगरूप बदलण्याच्या पानावर जादा सीएसएस, म्हणजे रंगरूपाचे आपले नियम, लिहिण्याची जागा आहे. तो मजकूर डेटाबेसमध्ये साठवला जातो आणि थीमच्या अपडेटमुळे नाहीसा होत नाही. फॉन्ट आणि अंतराचे चारदोन नियम तिथे सहज मावले असते. ही माहिती वर्डप्रेसच्या सार्वजनिक मार्गदर्शिकेत कोणालाही वाचायला मिळते आणि मीही ती तिथेच वाचली, तेव्हा पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञांना ती ठाऊक नसावी हे पटत नाही.

परिणाम असा झाला, की कोजागिरीच्या तोंडावर, म्हणजे भुलाबाईची गाणी शोधत वाचक माझ्या ब्लॉगवर सर्वाधिक येतात नेमक्या त्या दिवसांत, थीम आपोआप अपडेट झाली आणि सगळी पाने पुन्हा पहिल्यासारखी झाली. मदत-कक्षाकडून उत्तर आले, की अपडेट ही थीमच्या निर्मात्यांची बाब आहे आणि बदल पुन्हा करून हवे असतील तर ‘कस्टमायझेशन शुल्क’ भरावे लागेल. अपडेट यायला हवे यात वाद नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात. अपडेट बंद ठेवण्याचा जो दुसरा पर्याय मला सुचवला गेला, तो याच कारणाने मला मान्य नाही. माझा आक्षेप इतकाच आहे, की पुढच्या अपडेटमध्ये पुसले जाईल अशा जागी काम करून द्यायचे आणि ते पुसले गेले की त्याच कामाचे पुन्हा पैसे मागायचे, हे मदतीच्या नावाखाली बसू शकत नाही. सोय म्हणून मी ते शुल्क एकदा भरले. त्यानंतरही बदल पुन्हा मूळ स्टाइलशीटमध्येच केले गेले आहेत.

आता प्लगिनविषयी. ब्लॉग हाती आला तेव्हा त्यात प्लगिनची लांबलचक यादी आधीच चालू स्थितीत होती. त्यांत फिरत्या चित्रांची पट्टी होती, जी मी कधी मागितली नव्हती. लेख शेअर करण्याची बटणे देणारी एकाहून अधिक प्लगिन होती. आणि पाने साठवून वेगाने दाखवणारी, म्हणजे कॅशेची, दोन प्लगिन एकाच वेळी चालू होती. अशा प्लगिनना वर्डप्रेसमध्ये एकच ठरावीक फाइल वापरावी लागते, आणि ती फाइल एका वेळी एकाच प्लगिनची असू शकते. दोघांना एकत्र बसवणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण आहे. प्रत्यक्षातही तसेच घडले. मी लेखात दुरुस्ती करावी आणि वाचकांना जुनाच मजकूर दिसत राहावा, असे कित्येकदा झाले. सांडग्यांच्या कृतीतले मिठाचे प्रमाण सुधारल्यानंतरही वाचक जुन्या प्रमाणाबद्दल विचारत राहिले. यावर आपल्याकडून मिळालेला उपाय कॅशे साफ करणारे आणखी एक प्लगिन विकत घेण्याचा होता. दोनांतले एक बंद करावे, हे सांगायला कोणी पुढे आले नाही.

पहिले पान ज्या पेज बिल्डर, म्हणजे पानाची मांडणी करणाऱ्या, प्लगिनमध्ये बांधून दिले आहे, त्याची गोष्ट याहून अडचणीची आहे. पान जड झाल्यामुळे ते प्लगिन थोडा वेळ बंद करून पाहावे, अशी विनंती मी केली होती. बंद करताच पानावर माझ्या वाक्यांच्या मागेपुढे चौकटी कंसांतले सांकेतिक शब्द उघडे पडले, कारण ते प्लगिन मजकूर शॉर्टकोडमध्ये गुंडाळून ठेवते. याचा अर्थ असा, की ते काढायचे तर प्रत्येक पान हाताने साफ करावे लागणार, आणि ठेवायचे तर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागणार. डिसेंबर 2018 मधल्या 5.0 या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच ब्लॉक एडिटर, म्हणजे ठोकळे जोडल्यासारखे पान रचण्याची सोय, आहे. शीर्षक, चित्र, दोन स्तंभ आणि कवितेच्या ओळींसाठी स्वतंत्र ब्लॉक एवढ्यात माझी सगळी गरज भागते. ज्या ग्राहकाला हे माहीत नाही त्याला ते सांगणे, हाच नवशिक्यांसाठीच्या पॅकेजचा अर्थ असायला हवा होता.

मात्र मला हे काहीच स्वतः करता आले नाही, आणि याचे कारण शोधताना या तक्रारीच्या मुळाशी असलेली गोष्ट समजली. मला दिलेले लॉगिन ‘एडिटर’ या भूमिकेचे आहे. वर्डप्रेसमध्ये एडिटर लेख लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकतो, इतरांचे लेखही बदलू शकतो. पण त्याला थीम बदलता येत नाही, प्लगिन बसवता, बंद करता किंवा काढता येत नाही, आणि आपलेच लेखन एक्सपोर्ट करून, म्हणजे फाइलमध्ये उतरवून, घेण्याचा पर्यायही त्याच्या डॅशबोर्डवर दिसत नाही. हे अधिकार ॲडमिनिस्ट्रेटरचे असतात, आणि तो ॲडमिनिस्ट्रेटर आपण आहात. ‘हवे तसे रंगरूप बदला’ असे छापायचे आणि बदलण्याचा अधिकारच ग्राहकाला द्यायचा नाही, हे घर विकून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवण्यासारखे आहे. मी अधिकार मागितले तेव्हा ‘नवीन ग्राहकांकडून साइट बिघडू नये म्हणून’ ते दिले जात नाहीत, असे उत्तर आले. चाळीस मुलांच्या वर्गात मी प्रयोगवहीत चूक होऊ नये म्हणून कोणाच्या हातून पेन काढून घेतले नव्हते, हे इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. साइट बिघडण्याची काळजी असेल तर नियमित बॅकअप ठेवावा. आजवर जे काही बिघडले, ते ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या लॉगिनमधूनच बिघडले आहे.

मराठीसाठी तयार असल्याच्या दाव्याबद्दल एक लहान पण बोलका अनुभव सांगते. ‘नागपूरच्या तान्ह्या पोळ्यातील लाकडी नंदीबैल’ या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचा वेबपत्ता ‘पोळ्’ इथेच मोडला. पाय मोडलेल्या ळवर संपणारा दुवा मैत्रिणींना पाठवताना संकोच वाटला. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये लेखाच्या स्लगला, म्हणजे वेबपत्त्यातल्या लेखाच्या नावाला, 200 वर्णांची जागा असते, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते काना असो वा हलंत, पत्त्यात सांकेतिक रूपात लिहिताना त्यांतले 9 वर्ण खाते. साहजिकच बाविसाव्या चिन्हाच्या आसपास पत्ता संपतो. स्लग शीर्षकापेक्षा वेगळा आणि आखूड लिहिता येतो, लेखाच्या सेटिंगमध्ये त्यासाठी जागा असते, आणि आता मी तसेच करते. परंतु मराठी ब्लॉगसाठीच म्हणून विकलेल्या पॅकेजच्या मदत-कक्षाने मला काय सुचवावे, तर शीर्षकेच छोटी ठेवा.

थीमच्या लायसन्सविषयीचा आपला अलीकडचा ई-मेलही मला आक्षेपार्ह वाटतो. त्यात म्हटले आहे, की वार्षिक लायसन्सचे नूतनीकरण न केल्यास थीम वापरण्याचा माझा हक्क संपेल आणि ती काढून घेतली जाईल. ब्राउझरमध्ये थीमची स्टाइलशीट उघडून पाहिली असता तिच्या शीर्षभागात ‘जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, आवृत्ती 2 किंवा पुढील’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नाव लिहिलेले आहे. वर्डप्रेसही याच परवान्याखाली मिळते. या परवान्याने मिळालेली प्रत वापरत राहण्याचा आणि तीत बदल करण्याचा हक्क मुदतीने बांधलेला नसतो. वार्षिक पैसे अपडेट आणि मदतीचे असू शकतात, तसे ते घ्यावेत आणि तसेच ग्राहकाला सांगावे. थीम काढून घेण्याची भीती घालून नूतनीकरण करवून घेणे ही दिशाभूल आहे.

वरील बाबी लक्षात घेऊन माझी मागणी अशी आहे, की मला माझ्या ब्लॉगचे ॲडमिनिस्ट्रेटर अधिकार तत्काळ द्यावेत. फॉन्ट आणि ओळींच्या अंतराचे बदल चाइल्ड थीममध्ये विनाशुल्क करून द्यावेत आणि त्यासाठी माझ्याकडून घेतलेले कस्टमायझेशन शुल्क परत करावे. बसवलेले प्रत्येक प्लगिन कशासाठी आहे, त्याचे नूतनीकरण लागते का आणि ते काढल्यास काय होईल, हे मराठीत लिहून द्यावे आणि कॅशेचे एकच प्लगिन ठेवावे. पहिले पान शॉर्टकोडविना ब्लॉक एडिटरमध्ये बांधून द्यावे. याखेरीज ब्लॉगचा पूर्ण बॅकअप माझ्या ताब्यात द्यावा. इथे एक खुलासा आवश्यक आहे : वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमधून मिळणाऱ्या फाइलमध्ये लेख असतात, पण चित्रांचे केवळ पत्ते असतात, चित्रे नसतात. त्यामुळे नुसती ती फाइल पाठवून काम झाले असे समजू नये. अपलोड फोल्डर आणि डेटाबेस दोन्ही हवेत, कारण जुन्या वह्यांच्या पानांची जी छायाचित्रे मी चढवली आहेत, त्यांतल्या काही वह्या आता त्या त्या घरांतही उरलेल्या नाहीत.

या ब्लॉगवर जाहिराती नाहीत आणि त्यातून मी उत्पन्न घेत नाही, तेव्हा ही खरेदी व्यापारी कारणासाठी होती, असा बचाव कृपया घेऊ नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती मुदत उलटून गेल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापार प्रथेबद्दल नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागीन. आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असले, तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा हा कायदा देतो. उत्तर लेखी आणि मराठीत द्यावे. फोनवरून दिलेली आश्वासने मी उत्तर म्हणून धरणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक,
(स्वाक्षरी)
धंतोली, नागपूर