बँकेतल्या त्या मॅडमना, चेक वटला हे सांगायला

मॅडम, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. टेबलावरच्या पाटीसमोर फायलींचा ढीग होता त्यामुळे वाचताही आलं नाही, आणि जुलैत पेढे घेऊन आले तर तुमच्या खुर्चीत दुसरेच साहेब, म्हणाले मॅडमची बदली झाली, कुठे ते त्यांना माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. पेढे शिपाईकाका आणि पासबुक प्रिंटिंगच्या रांगेतल्या लोकांना वाटून टाकले. म्हणून हे असं जाहीर आभार पत्र, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल या आशेवर.

रोज शंभर लोक येत असतील तुमच्याकडे म्हणून आठवण करून देते. मे २०२३, सांगलीतलं ऊन, आणि मी जर्सी सिटीतल्या जुन्या घरमालकाने पाठवलेला डिपॉझिटचा चेक प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली. ११८० डॉलर. आता तिकडे असते तर मोबाईलवर पुढून मागून फोटो काढून पाच मिनिटांत काम झालं असतं, पण परत येताना मी तिकडचं अकाउंट बंद करून आले होते, शहाणपणा सगळा. घर सोडल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट परत करायचं असा न्यू जर्सीचा कायदा आहे, घरमालकाने तो पाळलाही, पण चेक गेला मैत्रिणीच्या पत्त्यावर आणि तिथून तिच्या आईच्या बॅगेतून एप्रिलात इकडे पोचला. त्यावर नाव माझं माहेरचं, कुलकर्णी. आणि मधल्या काळात मी लग्न करून पाटील झालेली, आधार नवीन, पॅन नवीन, पासपोर्ट तेवढा जुना कारण कंटाळा.

आणि आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही ना, मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवरा. म्हणजे तीन शब्दांतले दोन गेले, उरलं फक्त पहिलं. ते पण तांदळात अंगठीने नवीन लिहायचं असा आत्याचा हट्ट होता, मी भांडले म्हणून वाचलं. त्या महिन्यात मला त्या भांडणाचा फार अभिमान वाटला. आणि बदलायलाच पाहिजे असा काही कायदा नाहीये हे मला सगळं बदलून झाल्यावर कळलं, असो.

आधी पुण्यात सॅलरी अकाउंटच्या बँकेत गेले. तिथला मुलगा चेक बघून म्हणाला मॅडम हा पोस्टडेटेड आहे, जुलैमध्ये या. तारीख होती ०३/०७/२०२३. मी म्हटलं अहो अमेरिकेत महिना आधी लिहितात, हा ७ मार्चचा आहे. तर म्हणाला मग तीन महिने व्हायला आलेत, आता काही उपयोग नाही, आणि तसंही या नावाचं अकाउंट नाही आणि फॉरेन चेक आम्ही घेत नाही. एका चेकची तीन मरणं. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, पैशासाठी नाही खरंतर, "या नावाचं कोणी नाही" हे तो ज्या सहजपणे बोलला त्याने.

मग बाबा म्हणाले, तुझं अकरावीतलं खातं आहे की सांगलीला. तिथे आले तर पहिल्या काउंटरवर सांगितलं की खातं इनऑपरेटिव्ह आहे, दोन वर्षांत व्यवहार नाही, आधी केवायसी करा, नाव बदलाचा फॉर्म भरा, मग बघू. मी फॉर्म भरायला घेतला पण आणि तुम्ही शेजारून जाताना थांबलात. "काय बदलताय? दाखवा बघू." चेक उलटसुलट बघितलात आणि फॉर्म माझ्या हातातून काढूनच घेतलात. "अहो थांबा, नाव अजिबात बदलू नका. चेक जुन्या नावाचा, खातं जुन्या नावाचं, आत्ता बदललंत तर दोघांची ताटातूट कराल. आधी पैसे येऊ देत, मग काय बदलायचं ते बदला."

हे इतकं सोपं होतं! पण त्या आधी सहा जणांना सुचलं नव्हतं, मला पण.

केवायसीला पॅन नव्या नावाचं, पासपोर्ट जुन्या नावाचा, म्हणून पलीकडचे साहेब अॅफिडेव्हिट करून आणा, गॅझेट करा असं म्हणायला लागले, तेव्हा तुम्ही आत जाऊन आरबीआयच्या केवायसीच्या नियमाचा प्रिंटआउटच आणलात, की कागदपत्र काढल्यानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट, दोन्हींपैकी एक पुरे. त्या "किंवा"वर तुम्ही पेनने गोल केलात ते मी विसरणार नाही. मी परदेशात असताना खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं खातं, करायला हवं होतं याबद्दल दोन शब्द ऐकवलेतही, ते बरोबरच होते.

मग मागची सही. आधी चेकवर जसं छापलंय तसं, स्पेलिंगसकट, आणि त्याखाली आत्ताचं नाव, दोन्ही वरच्या रेघांच्या आतच, खाली अमेरिकन बँकेची जागा आहे. मी कुलकर्णी अशी सही लग्नानंतर केली नव्हती. हात अडकला. तुम्ही म्हणालात आधी कागदावर चार वेळा करा, मी पण करायचे, माझी दहावीची मार्कशीट वेगळ्याच बाईची आहे. आणि हसलात.

आपल्या चेकची मुदत तीन महिने, २०१२ पासून, पण तिकडच्या बँका साधारण सहा महिने धरतात हे तुम्हाला तोंडपाठ होतं. हा चेक स्कॅन होऊन जात नाही, खराखुरा कागद कुरियरने मुंबईला आणि तिथून अमेरिकेला जातो, म्हणून सप्टेंबरच्या आत पोचायचा तर आजच टाकू म्हणालात. पाच आठवडे लागतील, दोन्हीकडचे चार्जेस कापतील, गुगलवरचा रेट मिळणार नाही, हे सगळं आधीच सांगितलंत म्हणून नंतर काही लागलं नाही मनाला. जूनच्या शेवटी मेसेज आला, ९३ हजार आणि वर काहीतरी. बाबांनी दोनदा वाचून घेतला.

पावतीच्या मागे तुम्ही पेन्सिलने लिहिलं होतं, "पैसे आले की नावाचा फॉर्म द्या". तो फॉर्म अजून माझ्या पर्समध्येच आहे, मॅडम. भरलेला आहे, सही पण केलीये, फक्त द्यायचा राहिलाय. रागावू नका.