शरणागती म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे

मद्यपाशातून सुटण्यासाठी ताओ या प्राचीन चिनी विचारातील शरणागती कशी उपयोगी पडते, हे सांगणारा लेख वाचला. दारूशी रोज झुंजण्यापेक्षा हार कबूल करावी, हे त्यातील मत पटले. दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीही तेच सांगते : दारूपुढे आपण हतबल आहोत. 'आज दोनच पेग' असा स्वतःशी करार करून तो पुन्हा पुन्हा मोडणाऱ्याला या कबुलीचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र 'वू वेई' या ताओ विचारातील कल्पनेचा अर्थ लेखात 'काहीच न करणे' असा घेतला आहे, त्याला माझा आक्षेप आहे. 'वू वेई' म्हणजे ओढूनताणून न करणे. ताओ विचाराचा प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या लाओ त्झूने त्यासाठी पाण्याचा दाखला दिला. पाणी मऊ असते, पण वाहायचे सोडत नाही. हा केवळ शब्दाचा कीस नाही. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे कंप, भास सुरू होऊन जिवावरही बेतू शकते. तेव्हा 'होईल ते होवो' म्हणत घरी पडून राहणे धोक्याचे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडणे, 'मला एकट्याला जमत नाही' असे चारचौघांत म्हणणे, यातच खरी शरणागती आहे. (अहंकार दारूपेक्षा चिवट असतो, हे मत माझे.) या विषयावर पुन्हा लिहिताना लेखकाने ही वैद्यकीय बाजूही मांडावी, ही विनंती.

– एक वाचक