काका, आमची पाच घरं ऑफिसला जोडून दिलीत त्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणता आणि माझ्या मुलाच्या दहावीची चौकशी सुरू करता. समोर आले की चहा टाकायला उठता. म्हणून शेवटी लिहायलाच बसले. आणि हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण बडोद्यात माझ्यासारखी चार-पाच जणांची ऑफिसं चालवणारे पुष्कळ आहेत आणि जी चूक मी केली ती त्यांच्यातल्या कुणीतरी आज संध्याकाळी करत असेल.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या माडीवर आमचं हिशेबाचं काम चालतं. जीएसटी, टीडीएस, छोट्या दुकानांची वर्षाची खाती. कामाला पाचही बायकाच. एकीचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं, एकीच्या सासूबाई कारेलीबागेत अंथरुणाला खिळलेल्या, एक वाघोडिया रोडहून दोन रिक्षा बदलून यायची. तिघींनीही नोकरी सोडायचं बोलून दाखवलं होतं. घरून काम द्यायचं असं मी ठरवलं, आणि ओळखीतल्या एका माणसानं अर्ध्या तासात ते ‘करून दिलं’. राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडला, घरून थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप दिसू लागला. मी खूश झाले.

सात आठवड्यांनी एका सकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरं लागलेली आणि पैसे मागणारी एक चिठ्ठी. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता. अकरा दिवसांच्या नोंदी आम्ही पावत्या हातात घेऊन पुन्हा केल्या, रोज रात्री दहापर्यंत बसून.

त्या आठवड्यात तुम्ही आलात. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तुम्हाला इतकी वर्षं झाली, आमच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही हे जिन्यातच सांगून टाकलंत, आणि कुणालाही दोष न देता आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलंत. तो पडदा मी विसरणार नाही. ४६२५, ४६२५, ४६२५. चुकीच्या पासवर्डची प्रत्येक नोंद. रात्री दोन वाजता, तीन वाजता, एका मिनिटात कितीतरी वेळा. तुम्ही म्हणालात, ‘रस्त्यावरचं दार उघडं ठेवलं तर कडी वाजवून बघणारे रात्रभर येतात. आपल्या माणसांना दारापर्यंत यायचा वेगळा, झाकलेला रस्ता द्यायचा. दार मात्र बाहेरून दिसताच कामा नये.’

मग असा झाकलेला रस्ता, म्हणजे व्हीपीएन, बनवणारा राउटर आला. मला वाटलं होतं, डबा बसवला की झालं. तुम्ही आधी आमच्या जुन्या राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिलात. तो १०० ने सुरू होत होता, आणि तुम्ही मान हलवलीत. इंटरनेटवाल्यानं आमच्यासारखी शेकडो गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवली होती. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते त्यासाठीच राखून ठेवलेले असतात, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही ते तुमच्या भाषेत सांगितलंत: ‘ईपीएबीएक्सच्या, ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, आतलं एक्स्टेन्शन आहे हे. आतून बाहेर फोन लागतो, बाहेरून थेट या एक्स्टेन्शनला कुणी लावू शकत नाही.’ महिन्याला थोडे जास्त पैसे भरून आम्ही स्थिर सार्वजनिक पत्ता घेतला. एका वाक्यात उलगडलेली ही गोष्ट मला एरवी कुणी सांगितली नसती, आणि राउटर बदलत बदलत आम्ही महिना घालवला असता.

पहिल्या संध्याकाळी कारेलीबागेतून जोडणी झाली, हिरवी खूण आली, पण ऑफिसचा कॉम्प्युटर सापडेना. तिच्या घरचा राउटरही १९२.१६८.१ चे पत्ते वाटत होता आणि ऑफिसचाही. तुम्ही म्हणालात, ‘रावपुऱ्याच्या पोस्टात पत्र टाकलं आणि पत्ता रावपुऱ्याचाच लिहिला, तर ते दुसऱ्या गावाला जाईलच कशाला?’ मग रात्री साडेनऊपर्यंत बसून ऑफिसचे सगळे पत्ते १०.२७.४० मध्ये नेलेत, प्रिंटरसकट. घरी कुणाच्या राउटरला हात लावायला लागला नाही. पाच घरं बदलण्यापेक्षा एक ऑफिस बदलायचं, हे तुम्ही इतक्या सहज केलंत की त्यामागचा विचार मला दोन दिवसांनी लक्षात आला.

किल्ल्यांची गोष्ट तर मी आता सगळ्यांना सांगते. वायरगार्डमध्ये, म्हणजे आमच्या व्हीपीएनच्या प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक लॅपटॉपच्या दोन किल्ल्या. एक उघड, ती राउटरला द्यायची. दुसरी खासगी, ती त्या लॅपटॉपमधून कधीही बाहेर काढायची नाही. आमच्यातल्या सगळ्यात धाकटीनं उत्साहात अख्ख्या सेटिंगचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खासगी किल्लीसकट. ती रडकुंडीला आली होती. तुम्ही रागावला नाहीत. ‘जो बेन,’ गुजरातीत म्हणालात, ‘किल्ली हरवली तर कुलूप बदलायचं, रडायचं नाही.’ आणि तिच्याच हातून नवी जोडी बनवून घेतलीत, राउटरमधली जुनी ओळ तिलाच पुसायला लावलीत. चव्वेचाळीस अक्षरांची ती उघड किल्ली तिनं मोठ्यानं वाचून ताडून पाहिली. त्या दिवसापासून हे काम ऑफिसात तीच बघते. दुसरा कुणी असता तर त्यानं तिच्याकडून लॅपटॉप ओढून घेऊन स्वतः केलं असतं.

वाघोडिया रोडला वेगळाच प्रकार. जोडणी होई, पिंग (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघणारं छोटं पाकीट) जाई, पण डेस्कटॉपच्या जागी काळा पडदा. मी इंटरनेट कंपनीला फोन लावायला निघाले होते. तुम्ही पिंगचं पाकीट मोठं करत करत गेलात आणि एका आकारानंतर उत्तर येणं थांबलं. पंधराशे बाइटांच्या पाकिटातले आठ लाइनच्या लॉगिनला जातात, वर व्हीपीएनच्या वेष्टनाला साठ ते ऐंशी. लहान पाकिटं जात होती, मोठी वाटेत अडकत होती. पाकिटाच्या कमाल आकाराचा १४२० चा आकडा १३८० केलात आणि पडदा उजळला. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद दिसला तो मी तुमच्या नातवाच्या बारशाला पाहिला होता.

बाकीचं तुम्ही असंच बोलता बोलता करून टाकलंत. ३३८९ कायमचा बंद. टॅलीच्या फाइली घरी नेऊन उघडायच्या नाहीत, प्रत्येकीनं ऑफिसातल्या आपल्याच कॉम्प्युटरचा पडदा घरी बघायचा, म्हणजे डेटा दांडिया बाजारातून हलतच नाही आणि लाइन तुटली तरी फाइल खराब होत नाही. होममध्ये असा पडदा बाहेरून बघू देण्याची सोय नसते, म्हणून दोन कॉम्प्युटरचं विंडोज होमवरून प्रोवर न्यावं लागलं. व्हीपीएनच्या बोगद्यातून फक्त ऑफिसचं काम जाईल, पोरांचे व्हिडिओ घरच्या लाइनवरूनच जातील असंही केलंत. दर २५ सेकंदांनी एक छोटा निरोप, म्हणजे बाळाला झोपवून परत आलं तरी वाट मोकळी. आणि रोज संध्याकाळी बॅकअपची डिस्क काढून कपाटात.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला जास्तीची वाटली होती. सगळे कॉम्प्युटर, वीज गेली आणि परत आली की आपोआप सुरू व्हावेत, म्हणून तुम्ही एकेक मशीन बंद करून विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरलात. उकाडा होता, पंखा बंद, तुमचा सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलंसुद्धा, ‘काका, राहू दे ना, बटण दाबायला मी असतेच.’ तुम्ही पाचही मशीन संपवूनच उठलात.

महिनाभरानं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीला जो पाऊस लागला तो आपल्या सगळ्यांना आठवतो. आजवा धरणाचं पाणी, विश्वामित्री नदी काठ सोडून शहरात, रस्त्यांवर मगरी. समा, अकोटा, फतेहगंज, कारेलीबाग पाण्यात. मी स्वतः मांजलपुरात अडकलेली, ऑफिसपर्यंत पोचायला वाट नाही. जुन्या शहरात आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, पण वीज जात-येत होती. सासूबाईंना घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या आमच्या ताईला दोन दिवस ना वीज ना इंटरनेट, तिला मी कामाचा शब्दही काढला नाही. पण वाघोडिया रोडला लाइन सुरू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला: ‘मशीन चालू झालंय. मी बसतेय.’

माडीला बाहेरून कुलूप होतं. आत एकही माणूस नव्हता. वीज आली होती, राउटर जागा झाला होता, कॉम्प्युटर स्वतःहून उठला होता. मी फोन हातात धरून बराच वेळ नुसती बसून राहिले, काका. तुमचा तो चिकटलेला सदरा डोळ्यांपुढे येत होता.

त्या वर्षी टीडीएस भरायची सात तारीख गणेश चतुर्थीलाच आली होती. आमच्या सगळ्या पक्षकारांचं चलन आदल्या संध्याकाळपर्यंत भरून झालं. त्यातल्या दोघांच्या दुकानात चिखल होता, वह्या वाहून गेल्या होत्या, पण त्यांचे हिशेब आमच्याकडे शाबूत होते. त्यांनी माझे आभार मानले. ते मी तुमच्याकडे पोचते करतेय.

तिघींपैकी कुणीही नोकरी सोडली नाही. बाळ आता चालायला लागलंय. राउटरशेजारी खिळ्याला तुमची ती निळी वही लटकतेय, प्रत्येक सेटिंग तारखेसह, तुमच्या तिरप्या अक्षरात. मी ती प्लॅस्टिकमध्ये घातलीय.

सोमवारपासून सहावी मुलगी कामावर येतेय, निझामपुऱ्याची. तिची किल्ली आमची धाकटी बनवणार आहे, वहीत नोंदही तीच करणार आहे. तुम्ही अकरा वाजता या आणि नुसते शेजारच्या खुर्चीत बसा. सेव-उसळ मी आणून ठेवते, तुमच्यासाठी तर्री वेगळी.

तुमची,
माडीवरची हिशेबवाली