नीटचे मार्क कमी पडलेत? एमबीबीएस सोडून पण बघा जरा

मंडळी, रविवारी संध्याकाळी ५ ला सोसायटीच्या हॉलमध्ये बसतोय, बारावी सायन्सवाली पोरं आणि पालक दोघांनी या, फक्त पालक आले तर उपयोग नाही.

ग्रुपवर सारखं विचारतायत की मार्क कमी आले आता काय, तर आपल्याकडे महाराष्ट्रात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (पेशंटला रोजची कामं परत जमावीत म्हणूनचे उपचार), ऑडिओलॉजी-स्पीच (ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरचे उपचार) आणि कृत्रिम हातपायांचा प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचा कोर्स, या सगळ्यांची अ‍ॅडमिशन राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलकडून नीटच्या स्कोअरवरच होते, म्हणून स्कोअरकार्ड फेकू नका. फिजिओला शेवटी इंटर्नशिप पण असते. मुंबईत बोलण्या-ऐकण्याच्या कोर्सला वांद्र्याचं अली यावर जंग आणि कृत्रिम अवयवांसाठी हाजी अलीची संस्था, दोन्ही केंद्र सरकारच्या, त्यांचे नियम त्यांच्या साइटवर वेगळे बघा.

आता महत्त्वाचं. "घरबसल्या लॅब टेक्निशियन" असले मेसेज फॉरवर्ड करू नका प्लीज. लॅब, थेरपी अशा आरोग्यातल्या कामांसाठी केंद्राने केलेल्या २०२१ च्या कायद्यात येणारे असले कोर्स डिस्टन्स किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीने (विद्यापीठांवर लक्ष ठेवणारा केंद्राचा आयोग) २०२५ पासून बंदी घातलीय, आणि तसंही रक्त काढायला व्हिडिओ बघून कोण शिकतं हो, शीर सापडेपर्यंत पेशंट ओरडतो. फी भरण्याआधी कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या किंवा दुसऱ्या मान्य युनिव्हर्सिटीच्या यादीत आहे का आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, हे दोन प्रश्न विचाराच.

येताना मार्कशीट, स्कोअरकार्ड आणि जातीच्या दाखल्याची झेरॉक्स आणा. येणाऱ्यांनी खाली नाव टाका, खुर्च्या मागवायच्यात.