पांढरी चारमधली प्रार्थना

फोंडा, गोवा
दि. १८ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मे महिन्यातच हाती पडले होते. परंतु शाळा उघडण्यापूर्वीची धावपळ आणि शाळा उघडली त्याच दिवशी कोसळू लागलेला पाऊस यांमुळे उत्तर लांबले. पत्रात तू विचारले होतेस की, संगीत, चित्रकला, खेळ या विषयांना प्राथमिक शाळेत वेगळे शिक्षक हवेत असा जो हट्ट मी तीन वर्षे धरून बसलो होतो, त्याचे पुढे काय झाले. तो यंदा पुरा झाला. पालक-शिक्षक संघाने मानधनाचा भार उचलला आणि संगीताच्या बाई सोमवारी व गुरुवारी, चित्रकलेचे सर बुधवारी आणि खेळाचे सर मंगळवारी येऊ लागले. हे तिघेही आसपासच्या आणखी दोन-तीन शाळांत जातात, त्यामुळे आमच्या वाट्याला येते ती पस्तीस मिनिटांची तासिका, आणि तिच्यातली पाच मिनिटे छत्र्या मिटवून ओळीने ठेवण्यात जातात.

मानधनासाठी पालकांपुढे हात पसरावे लागले याचे तुला कदाचित नवल वाटेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी केवळ पटानुसार शिक्षकांची संख्या दिली आहे : साठ मुलांपर्यंत दोन, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अर्धवेळ शिक्षकांची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. जणू मुलाला गळा आणि हात सहावीत गेल्यावरच फुटतात! आमचा पट चौसष्ट, म्हणून आम्ही तिघे. आणि आम्ही तिघांनीच आजवर मराठी, गणित, परिसर अभ्यास शिकवता शिकवता गाणेही शिकवले, चित्रेही काढून घेतली आणि शिट्टीही फुंकली. ते कसे शिकवले, याचा हिशेब मात्र पहिल्याच सोमवारी माझ्यापुढे मांडला गेला.

त्या दिवशी परिपाठाला मी नेहमीप्रमाणे हार्मोनियमवर बसलो आणि काळी एकमध्ये, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज (सा) धरून, प्रार्थना सुरू केली. ही माझी पट्टी आहे. कॉलेजात असताना आपण दोघे गात होतो तेव्हापासूनची. प्रार्थना संपल्यावर बाईंनी मुलांसमोर काही न बोलता, नंतर व्हरांड्यात अगदी अदबीने विचारले, "सर, ही पट्टी कोणासाठी धरली आहे?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी चौथीच्या चार मुलांना बोलावून तीच प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली. आमच्या प्रार्थनेची चाल मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'पर्यंत, उतरते, आणि काळी एकमध्ये तो पंचम आठ-नऊ वर्षांच्या गळ्याला लागतच नाही. मुले तिथे आली की नुसती गुरगुरत होती. बाईंनी एकेक पट्टी चढवत नेली आणि पांढरी चारवर, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, थांबल्या. तीच मुले, तीच चाल. पण खालचा पंचम स्वच्छ ऐकू आला आणि वरच्या ओळीला कोणी किंचाळलेही नाही.

मित्रा, बावीस वर्षे मी मुलांना "तोंड उघडून म्हणा, पुटपुटू नका" असे सांगत आलो. काहींना तर "तू बेसूर आहेस, तू नुसत्या टाळ्या वाज" असेही सांगितले. ती मुले बेसूर नव्हती. मी त्यांना माझ्या गळ्यात गायला लावत होतो. त्यातल्या दोघी आज या शाळेत पालक म्हणून येतात आणि आपल्याला गाणे येत नाही असे हसत सांगतात, तेव्हा मला दुसरीकडे पाहावे लागते.

आणि हे कोठे घडले, तर फोंडा तालुक्यात! शाळेपासून केरी काही फार दूर नाही. ज्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, त्या इथल्या. आणि आठव्या वर्षी, म्हणजे आमच्या तिसरीच्या मुलींच्या वयात, त्या तुझ्याच कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांपुढे शिकायला बसल्या होत्या. तिकडे सासष्टीत पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळेतले मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, लहान मुलांना सोल्फेज (पाश्चात्य पद्धतीचे स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवत आले. लहान मुलाला गाणे शिकवायला ते जाणणारा माणूसच लागतो, ही गोष्ट गोव्याला कोणी नव्याने सांगावी अशी नाही. फक्त आमच्या वेळापत्रकाला ती ठाऊक नव्हती.

आता ज्या मुद्द्यावर शाळेत थोडी कुरबूर चालू आहे तो सांगतो. विशेष शिक्षकांची तासिका म्हणजे वर्गशिक्षकाची मोकळी तासिका, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. वह्या तपासायला, माध्यान्ह आहाराच्या नोंदी करायला तेवढाच वेळ. मी मात्र ठरवले की वर्गशिक्षकाने त्या तासिकेला मागच्या बाकावर बसायचे. सहकारी बाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचेही चुकते असे नाही, कारण वह्यांचा गठ्ठा आता घरी न्यावा लागतो. तरीही मी हटलो नाही. येणाऱ्याला विषय कळतो पण मूल कळत नाही. आम्हाला मूल कळते पण विषय बेताचाच. चित्रकलेच्या सरांनी कावी कला शिकवायला घेतली, जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तशी : पांढऱ्यावर तांबड्या रंगाचा थर आणि तो खरवडून आतून पांढरी नक्षी काढायची. कागदावर खडूंनी तोच प्रयोग चालू असताना एक मुलगा हात बाकाखाली धरून बसून राहिला. सरांना तो आळशी वाटला. तो डावखुरा आहे आणि घरी त्यावरून मार खातो, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते.

उलट दिशेचाही लाभ आहे. गेल्या गुरुवारी बाईंनी तिसरीला त्रिताल हाताने मोजायला शिकवला, चार-चार मात्रांचे चार विभाग. सोळा झाले की पुन्हा एक. एका मुलीने हात वर करून विचारले, "टीचर, सतरावी मात्रा खंय गेली?" बाई म्हणाल्या, "ती गेली नाही, तीच पहिली झाली." मी मागे बसलो होतो म्हणून हे ऐकले, आणि शुक्रवारी घड्याळ शिकवताना, बारानंतर तेरा का वाजत नाहीत, या दरवर्षी अडणाऱ्या जागी मी पाटी बाजूला ठेवून मुलांना बारा टाळ्यांचे आवर्तन धरायला लावले. संगीताने गणित सुधारते असे कोणी ठामपणे सांगू लागले की मला हसू येते. सातचा पाढा अजून तसाच अडखळतो आहे. पण घड्याळ यंदा एका तासिकेत झाले.

खेळाविषयी लिहिण्याजोगे काही नाही. मैदानात घोट्याएवढे पाणी आहे आणि सर व्हरांड्यात मुलांना कवायत शिकवतात.

गणेशचतुर्थीपर्यंत चौथीच्या मुलांना घुमटावर, म्हणजे कातडे ताणून बसवलेल्या मातीच्या वाद्यावर, आरतीचा ठेका धरता यावा असे बाईंनी मनात घेतले आहे. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर आता बकऱ्याचे लावतात, आणि या पावसाळी हवेत ते सैल पडून आवाज बसतो. एका मुलाच्या आजोबांनी दोन घुमट दिले आहेत. सकाळी ते चुलीच्या उबेला धरून तापवायचे काम शाळेत जेवण घेऊन येणाऱ्या मावशींनी आपणहून घेतले आहे, आणि ते त्या आपल्या घरच्या चुलीवर करून आणतात.

एक काम तुझ्यावर सोपवतो. आमच्या हार्मोनियमचा मधल्या सप्तकातला पांढरी चारचा सूर फरफरतो, आणि आता नेमका तोच आमचा षड्ज आहे. तुझ्या बाजूला, किंवा मिरजेला, सूर बदलून देणारा चांगला कारागीर असेल तर विचारून ठेव. सुराची आतली पितळी पट्टी काढून पोस्टाने पाठवली तर चालेल, की पेटीच आणावी लागेल, तेही विचार. पेटी आणायची झाल्यास मी स्वतःच घेऊन येईन. वहिनींना सांग, दोन दिवस राहीन.

तुझा,
काळी एकवाला