हॉस्टेलच्या पोरांना देवाबद्दल काय विचारावं

परभणी

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझी प्रश्नावली काल दोनदा वाचली. विद्यापीठातल्या मुलांची श्रद्धा आणि मनाचा चिवटपणा हा विषय घेतलास, फार बरं केलंस. पण लेका, 'तुम्ही किती धार्मिक आहात?' हा पहिला प्रश्न काढून टाक. त्याचं उत्तर घरचे शेजारी बसल्यासारखंच येतं. विषय राहिला, मेसचे पैसे थकले, तेव्हा पोरगं देवाकडे धीर मागतं की देव कोपला म्हणून झुरत बसतं, हे कळायला हवं.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांची 14 वाक्यांची छोटी मोजपट्टी त्यासाठीच आहे. 7 वाक्यं आधाराची, 7 झुरणीची. दोन्हींची बेरीज वेगळी ठेव. एकत्र केलीस तर हरिपाठ म्हणून शांत झोपणारा आणि 'माझ्याच पापाचं फळ' म्हणत रात्र काढणारी, दोघांचा आकडा सारखा निघू शकतो.

खरी कसोटी भाषांतराची. मुळातलं 'हे सैतानानं घडवलं' असं वाक्य जसंच्या तसं ठेवलंस तर बरीच पोरं गोंधळतील. आपल्याकडे ती जागा करणी, नजर, साडेसाती घेते. 'देव परीक्षा पाहतोय' हे शब्दही सांभाळून वापर. मुसलमान मुलगा 'आजमाइश' (परीक्षा) म्हणतो त्यात सब्र, म्हणजे धीर असतो, तेच मराठीत कुणी वैतागून म्हणतं. आणि बौद्ध मुलांना 'देवानं टाकून दिलं असं वाटलं का' हे विचारूच नकोस. ती 'अजिबात नाही'वर खूण करतील आणि तू समजशील, यांना काही त्रास नाही! त्यांच्यासाठी वंदना, ध्यान, विहारातल्या माणसांचा आधार असे वेगळे प्रश्न कर आणि ते आकडे वेगळेच मांड. दोघांकडून मराठी करून घे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घे. मग वीस-पंचवीस मुलांसमोर बसून एकेक वाक्य वाच, 'यातून काय समजलं?' विचार.

देवावरचा राग म्हणजे लगेच झुरणी धरू नकोस. आपल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, पण ती त्याच्याशी बोलत असते. म्हणून मुलाखतीत 'अजून त्याच्याशी बोलतोस का?' एवढं विचारच.

चिवटपणा मोजायला मानसशास्त्रज्ञ स्मिथ यांची 6 वाक्यांची पट्टी पुरे. तिच्यातली 2, 4, 6 ही वाक्यं उलटी आहेत, म्हणजे तिथं 'हो' म्हटलं की चिवटपणा कमी. गुण फिरवायचे राहिले की सगळा हिशोब बिघडतो. श्रद्धेमुळेच मन टिकलं असं मात्र लिहू नकोस. एकदाच भरलेल्या फॉर्मवरून आधी काय आलं ते ठरत नाही. खचलेल्या मनालाही देव रुसलेला दिसतो.

पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचं सगळ्यात जास्त सांगायचंय. गेल्या 2 आठवड्यांचे 9 प्रश्न, एकूण 27 गुण, 10 किंवा त्याच्या पुढं लक्ष द्यायचं. पण नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. तिथं शून्य सोडून काहीही खूण दिसली तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी त्या मुलाला गाठायचं. निनावी फॉर्म घेतलास तर गाठणार कुणाला? म्हणून फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक ठेव, कुठला क्रमांक कुणाचा ती यादी समुपदेशकाकडे कुलपात राहू दे, आणि हे मुलांना आधीच सांग. प्रत्येक कागदाच्या खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठळक छाप.

परीक्षेच्या किंवा रमजानच्या महिन्यात फॉर्म वाटू नकोस, आकडे फुगतात. दुरुस्त मसुदा छापायच्या आधी पाठव, नववा प्रश्न मला डोळ्यांनी पाहायचाय.

तुझा,
विलास