रिपोर्टच्या उजव्या रकान्याबद्दल

लेस्टर, रविवार

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

अथर्वचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. 'सगळं नॉर्मल आहे, तू उगाच घाबरवलंस' असं लिहिलंयस. पण उजव्या रकान्यात लॅबने छापलेल्या मर्यादा मोठ्या माणसांच्या आहेत रे! पोरगं अकरा वर्षांचं. इथल्या लॅबमध्ये दिवसभर हेच आकडे माझ्या डोळ्यांखालून जातात, म्हणून सांगते.

एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी, 43, शेजारी छापलंय '45 पर्यंत'. मुलग्यांत ही मर्यादा 26 धरतात, मुलींत 22. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 142, छापलंय '150 च्या आत'. त्याच्या वयाला ते 90 च्या आत असावं. 130 पासून पुढे जास्तच. चांगलं कोलेस्टेरॉल 38, ते 40 च्या वर हवं. तेवढंच लॅबने ठळक केलंय. रक्त उपाशीपोटीच दिलं होतं ना? चहा-खारी खाऊन गेला असेल तर ट्रायग्लिसराइडवरून काही बोलता येणार नाही.

साखर 92 आणि तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 5.4, या खरंच चांगल्या आहेत. तरी निर्धास्त होऊ नकोस. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं, कधीकधी वर्षानुवर्षं. तोवर त्या जादा इन्सुलिनपायी यकृत चरबी बनवत राहतं. काही रक्तात येते, तेच ट्रायग्लिसराइड. काही यकृतातच साठते आणि दुखावलेल्या पेशींतून एसजीपीटी बाहेर झिरपतं. आई त्याची मान बेसन लावून घासते ना, तो मळ नाही. मानेवरचा तसला काळा, मखमली पट्टा बहुधा इन्सुलिन वाढल्याची खूण असते. तिला म्हणावं, पोराची कातडी सोलू नकोस.

वहिनी म्हणतील, आमचा तर नुसता भरलेला दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. म्हणून काट्यापेक्षा टेप घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. त्याची उंची 142 सेंटिमीटर, म्हणजे कंबर 71 च्या आत. इथे इंग्लंडात शाळेच्या पहिल्या वर्षी आणि दहा-अकराव्या वर्षी मुलांची उंची-वजनं मोजतात. आईबाप इथलेही चिडतात.

आता खाण्याचं. त्याला उपाशी ठेवू नका, डाएट वगैरे नको. वाढीचं वय आहे. वजन आहे तिथेच थांबून उंची वाढली तरी पुष्कळ. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, दही चालू दे. शेंगाचटणी बंद करा असं सोलापुरात सांगायची माझी हिंमत नाही, चमच्याने वाढा एवढंच. काढायचं ते गोड पाणी: कोल्ड्रिंक, डब्यातलं सरबत, पाकिटातला ज्यूस. त्यातली साखर थेट यकृताच्या माथी जाते. बिस्किटांचा पुडा त्याच्या हाती देऊ नका.

आणि खेळ, रोज तासभर, धाप लागेल असा. दुपारच्या उन्हात नाही म्हणत मी. पण संध्याकाळी पार्क मैदानावर पोरं असतात, तेव्हा हा ट्यूशनला असतो. एक ट्यूशन सोडली तर पहिला नंबर जाईल, जाऊ दे. त्याला 'जाडू' म्हणणंही थांबवा. मामांना तर फोनवरच सांगते.

मेडिकलमधून लिव्हरचं सिरप आणू नकोस. रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांना दाखव. एसजीपीटी कधी पुन्हा करायची, सोनोग्राफी लागेल का, हे ते ठरवतील. वाढायला दुसरीही कारणं असतात, कावीळ झाली होती का वगैरे विचारतील. आणि पुढच्या वेळी लॅबच्या काउंटरवर रिपोर्टवर मुलांच्या मर्यादा छापायला सांग. कुरकुर केली तर मला व्हिडिओ कॉल लाव, मी बोलते.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
छकुली